टाकीवरची बाग, बागेवरचे नाव

मुंबईत अशी दोन उद्याने आहेत, जिथे फिरणाऱ्याच्या पायाखाली माती थोडी आणि पाणी जास्त असते. एक मलबार हिलवरचे. त्याला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात, कागदोपत्री मात्र ते सर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. दुसरे माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरचे, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. दोन्ही उद्यानांच्या हिरवळीखाली महापालिकेचे जलाशय आहेत आणि दोन्ही जलाशय १८८०च्या दशकातले. विहारचे पाणी १८६० साली आणि तुळशीचे १८७९ साली शहरात आले. ते उंचावर साठवून उताराने वस्तीत सोडायचे, तर टेकड्या हव्यात. म्हणून या दोन टेकड्या निवडल्या गेल्या. साठवलेले पाणी झाकायचे म्हणून वर छत, छतावर माती, मातीवर बाग. हँगिंग गार्डनमध्ये आभाळाएवढे वृक्ष नाहीत आणि कातरलेल्या झुडपांचे हत्ती-घोडे आहेत, याचे एक कारण हेच, की खाली मुळांना जागा बेताची आहे.

ही माहिती बऱ्याच वाचकांना असेल. या लेखाचा प्रश्न पुढचा आहे. दोन्ही बागांना ज्यांची नावे दिली ते दोघेही मुंबई महापालिकेत निवडून गेलेले, तिथे वर्षानुवर्षे बसलेले आणि तिचे अध्यक्षपद भूषवलेले गृहस्थ होते. शहर जेव्हा आपल्या एखाद्या नगरपित्याचे नाव बागेला देते, तेव्हा ते त्याची कोणती आठवण ठेवते आणि कोणती सोडून देते? नाव हाही एक मजकूर असतो. कवितेचा किंवा कादंबरीचा मजकूर आपण तपासतो. पाटीवरचा मजकूर मात्र न वाचताच त्याखालून आत जातो. तो जरा थांबून वाचावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मेहता : कायद्यातला माणूस

फिरोजशहा मेहता (१८४५–१९१५) यांचे महापालिकेतले कार्य समजून घ्यायचे तर १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते. १८६५च्या कायद्याने मुंबईचा सगळा कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला होता. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते आणि खर्चिकही. त्यांच्या उधळपट्टीविरुद्ध करदाते खवळले, सभा भरल्या आणि अशी मागणी पुढे आली, की आयुक्ताचे अधिकार काढून कारभार एखाद्या मंडळाकडे सोपवावा. तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे असलेले बॅरिस्टर मेहता फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या सभेत प्रवाहाविरुद्ध बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोष माणसात शोधू नका, रचनेत शोधा. कारभार करणारा एकच असावा, म्हणजे जबाबदारी कोणाची हे कळते. पण त्याच्यावर पैशाचा आणि धोरणाचा अंकुश ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. पण १८७२चा कायदा जवळपास याच वळणावर झाला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसेस ऑफ द पीस यांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. १८८८च्या कायद्याने सभासद ७२ केले, त्यांपैकी ३६ वॉर्डांतून निवडून येणारे. या कायद्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. आणि आजही, असंख्य दुरुस्त्या पोटात घेऊन, मुंबई महापालिका १८८८च्या त्याच कायद्यावर चालते.

मेहतांचा दुसरा मोठा लढा पोलीस खर्चाचा. शहराच्या पोलिसांवर ताबा सरकारचा, पण खर्चाचा बोजा करदात्यांवर, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. ज्यावर आपला हुकूम चालत नाही त्याचे पैसे आपण का द्यावेत, हा त्यांचा साधा व्यापारी हिशेब. १९०७च्या कायद्याने पोलिसांचा भार सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय मदत महापालिकेकडे आली. मुंबईतल्या महापालिका शाळांचा आणि रुग्णालयांचा आजचा पसारा पाहताना ही वाटणी लक्षात ठेवावी लागते.

त्याच १९०७ साली त्यांना महापालिकेतून घालवण्याचा बेत झाला. सरकारी अधिकारी हॅरिसन यांच्या पुढाकाराने इंग्रज अंमलदार आणि 'टाइम्स'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांची जी जूट जमली, तिला त्या वेळी 'कॉकस' म्हणत. जस्टिसेसच्या सोळा जागांच्या निवडणुकीत मेहता सतरावे आले. निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड पुढे रद्द ठरली म्हणून ते आत राहिले. शहराचा अनभिषिक्त राजा म्हणवला जाणारा माणूसदेखील एका जागेने बाहेर फेकला जाऊ शकत होता. निवडणुकीचा अर्थच हा. त्या अर्थाने कॉकसच्या त्या निवडणुकीने मेहतांच्या रचनेला खरी कसोटी लावली असे म्हणता येईल.

पण या रचनेतले एक पाणी दूरवर मुरलेले आहे. मेहतांनी आयुक्ताला बळकट ठेवले, ते सभेचा अंकुश गृहीत धरून. अंकुश काढला तर उरतो तो १८६५चाच आयुक्त. या मुद्द्याकडे शेवटी परत यायचे आहे.

बॅप्टिस्टा : घोषणेत हरवलेला माणूस

माझगावच्या टेकडीचा इतिहास बागेपेक्षा जुना आहे. १६८०च्या सुमारास इंग्रजांनी इथे किल्ला बांधला. १६८९मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने शिवडीला फौज उतरवून तो घेतला आणि पुढच्या वर्षी परत जाताना उद्ध्वस्त केला. टेकडीजवळच माथारपाखाडी हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे जुने गाव आहे. लाकडी कठड्यांची काही घरे अजून शिल्लक आहेत. याच गावात १७ मार्च १८६४ रोजी जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म झाला. घराणे मूळ उत्तनचे. हा समाज मुंबई-साष्टी-वसईचा मूळ रहिवासी, घरची बोली मराठीचीच. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःच घेतले. पुण्याला अभियांत्रिकीचे शिक्षण, मग केंब्रिज, मग बॅरिस्टरी, आणि १९०१पासून मुंबई महापालिका. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते वारले.

महाराष्ट्रात आज बॅप्टिस्टांचे नाव निघते ते मुख्यतः एका वादात. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची जी घोषणा टिळकांच्या नावावर आहे, ती मुळात बॅप्टिस्टांची, असा दावा त्यांच्या चाहत्यांकडून वारंवार केला जातो. दुसरी बाजू तो झटकून टाकते. माझ्या मते हा वाद दोन्ही बाजूंनी बॅप्टिस्टांना लहान करतो. दावा खरा मानला, तर एका वाक्यापुरते ते मोठे ठरतात आणि ते वाक्यही दुसऱ्याच्या तोंडून प्रसिद्ध झालेले. दावा खोटा मानला, तर त्यांच्याबद्दल बोलण्यासारखे काही उरतच नाही असा समज होतो. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षे न्यायालयात, सभागृहात आणि कामगारांच्या सभांत काढली, त्याच्या आयुष्याचा निकाल एका ओळीच्या मालकीवर लावायचा, हे चरित्रलेखनाचे दारिद्र्य आहे.

घोषणा बाजूला ठेवली तर काय दिसते? १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूने उभे राहिलेल्या बॅरिस्टरांत बॅप्टिस्टा होते. सरकारने खास ज्युरीसाठी अर्ज केला तेव्हा त्याला विरोध करण्याचे काम त्यांनी केले. मराठी लेखांवरचा खटला मराठी न जाणणाऱ्यांनी ऐकायचा, हा त्यातला अन्याय होता. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे : सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, त्यांत सात युरोपीय आणि दोन पारशी. निर्णय घेणाऱ्या बाकावर कोण बसले आहे, हा प्रश्न बॅप्टिस्टांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी दिसतो.

एप्रिल १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष बॅप्टिस्टा होते आणि चिटणीस न. चिं. केळकर, टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. जानेवारी १९२०मध्ये अरविंद घोषांनी पाँडिचेरीहून बॅप्टिस्टांना जे प्रसिद्ध पत्र लिहिले, ते त्यांच्या निमंत्रणाला दिलेला नकार होता. मुंबईतून निघणाऱ्या नव्या पक्षाच्या पत्राचे संपादकपद त्यांनी अरविंदांना देऊ केले होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक सरदारगृहात गेले. ३१ ऑक्टोबरला मुंबईतच ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले, स्वागताध्यक्ष बॅप्टिस्टा. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलुखात दुसरे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष तेच. टिळकांच्या मागे राहिलेल्या मंडळींपैकी कामगार चळवळीकडे इतक्या सरळ वळलेला दुसरा पुढारी सहज आठवत नाही.

आणि मग १९२५. बॅप्टिस्टा मुंबई महापालिकेचे प्रमुख झाले. सगळीकडे ते 'महापौर' असे छापले जाते. त्या काळी पदाचे नाव 'अध्यक्ष' होते. 'मेयर' हे नाव १९३१पासून आले. बारीकसा तपशील आहे, पण पाटीवरचा मजकूर तपासायचा म्हटल्यावर तो सांगितला पाहिजे. त्याहून महत्त्वाचा तपशील वेगळा आहे. १९२२च्या दुरुस्तीने सभागृह १०६ जणांचे झाले, त्यांपैकी ७६ निवडून येणारे. मताधिकार वाढवला तो महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यापर्यंत. गिरणगावातल्या चाळीतल्या साध्या खोलीचे भाडे सहसा याहून कमी असे. म्हणजे ज्या कामगारांच्या अधिवेशनात बॅप्टिस्टा स्वागताध्यक्ष होते, त्यांतल्या बहुतेकांना बॅप्टिस्टा ज्या सभागृहाचे अध्यक्ष झाले त्यासाठी मत देता येत नव्हते. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. तोवर बॅप्टिस्टांना जाऊन अठरा वर्षे उलटली होती.

बॅप्टिस्टांच्या आयुष्यातला खरा ताण मला इथे दिसतो. त्यांच्या एका हातात टिळकांचे राजकारण, दुसऱ्या हातात कामगार आणि बसायची खुर्ची मात्र भाडे-पट्टीच्या मतदारांनी दिलेली. या तिन्हींचा मेळ घालणे सोपे नव्हते आणि त्यांना तो पुरता घालता आला असेही म्हणवत नाही. पण घोषणेच्या मालकीहक्कापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे, कारण तो त्यांच्याबरोबर संपलेला नाही.

'सर' राहिले, 'काका' गेले

आता दोन नावे शेजारी ठेवून वाचू. सर फिरोजशहा मेहता उद्यान. जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. मेहतांना 'सर' ही पदवी १९०४ साली इंग्रज सरकारने दिली. बॅप्टिस्टांना 'काका' ही पदवी लोकांनी दिली. मराठी माणसाने आपल्या पुढाऱ्याला काका, अण्णा, दादा म्हणावे ही नेहमीची रीत; पण ख्रिस्ती बॅरिस्टरला 'काका' म्हणण्यात जास्तीचे काही होते. हा आमच्या घरातला, असे त्यात म्हटलेले होते. सर्रास छापल्या जाणाऱ्या नावात सरकारने दिलेली पदवी टिकली आणि लोकांनी दिलेली गळाली. कोणी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. नोंदवहीला सरकारी पदवी कळते, जिव्हाळ्याचे नाव कळत नाही. पण परिणाम असा, की नवा वाचक 'जोसेफ बॅप्टिस्टा' हे नाव वाचून हा कोणी इंग्रज किंवा पोर्तुगीज अधिकारी असावा असे समजून पुढे जातो. 'काका' ही दोन अक्षरे पाटीवर असती तर त्याची पावले जरा थबकली असती.

आणखी एक गोष्ट दोन्ही पाट्या लपवतात. हे दोघे राजकारणात एकमेकांच्या समोर उभे होते. डिसेंबर १९०७च्या सुरत काँग्रेसमध्ये मंचावर जो जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. जोडा दख्खनी घाटाचा होता हे सगळ्यांनी ओळखले. बॅप्टिस्टा टिळकांच्या गोटातले, मेहता त्या गोटाला काँग्रेसबाहेर ठेवणारे. आज मेहतांच्या बागेसमोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट उभा आहे आणि त्यात पोरे चढतात-उतरतात. सुरतेच्या जोड्याची आठवण तिथे कोणाला येत नसणार. बागेचा गुणच हा, की ती भांडण मिटवून टाकते. पण नागरी जीवनात काही भांडणे मिटवण्यापेक्षा लक्षात ठेवणे हिताचे असते. मेहता आणि बॅप्टिस्टा यांच्यात मतभेद होता तो स्वराज्य किती वेगाने आणि कोणाच्या बळावर यावे याबद्दल. शहराचा कारभार शहराने निवडलेल्या माणसांपुढे उत्तरदायी असावा, याबद्दल तो नव्हता. एवढ्या विरोधकांचे ज्यावर एकमत होते, ती गोष्ट पाटीवर सर्वात आधी यायला हवी होती.

पायाखालचे पाणी

आता वर राखून ठेवलेला मुद्दा. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले आणि पुढची साडेतीन वर्षे उलटली तरी सभागृह रिकामे राहिले. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. या काळात अंदाजपत्रके मांडली गेली, कामे निघाली, कंत्राटे दिली गेली. सूचना मांडायला, विरोध नोंदवायला, स्थायी समितीत एखादा प्रस्ताव रोखून धरायला निवडून आलेले कोणीही नव्हते. मेहतांनी १८७१मध्ये ज्या दोन पायांवर रचना उभी केली, त्यातला एक पाय काढून घेतला आणि शहर दुसऱ्या पायावर चालत राहिले. चालू शकले, हेच चिंतेचे आहे.

याच काळात मलबार हिलच्या जलाशयाचा प्रश्न उभा राहिला. सव्वाशेहून अधिक वर्षे जुनी टाकी पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव आला. त्यासाठी बागेचा मोठा भाग उकरावा लागणार आणि शेकडो झाडांवर गदा येणार हे कळल्यावर नागरिकांनी आक्षेप घेतला. मग तज्ज्ञांची समिती, पाहणी, वेगवेगळी मते असा प्रवास झाला. टाकी पाडावी की दुरुस्त करावी, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे आणि त्यात मला मत नाही. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाचे पाणी त्या टाकीवर अवलंबून आहे, त्यामुळे नुसती झाडे मोजून तो सुटणाराही नाही. पण असा प्रश्न ज्या जागी मांडला जायला हवा, वाद होऊन, माहिती मागून, मतदान होऊन सुटायला हवा, ती जागाच त्या वेळी शहरात नव्हती. मलबार हिलच्या रहिवाशांना आवाज होता, वर्तमानपत्रे होती, मंत्र्यांपर्यंत पोच होती, म्हणून त्यांचे ऐकले गेले. माझगाव, डोंगरी किंवा गोवंडीतल्या वस्तीला हीच गोष्ट करायची झाली, तर तिच्याजवळ नगरसेवकाखेरीज दुसरे काय असते? श्रीमंत वस्तीला नगरसेवक ही सोय असते. गरीब वस्तीला तोच दरवाजा असतो. दहा रुपये भाड्याच्या रेषेखालचे लोक कोण, हा बॅप्टिस्टांच्या वेळचा प्रश्न या रूपाने परत आला आहे.

यावर कोणी म्हणेल, की नगरसेवक असताना तरी काय सोने पिकत होते? टक्केवारी, गैरहजेरी, पक्षबदल हे सगळे आपण पाहिले आहे. आक्षेप खोटा नाही. १८७१मध्येही क्रॉफर्डच्या उधळपट्टीला विटलेल्या लोकांनी रचनाच मोडायचे म्हटले होते, आणि मेहतांनी त्यांना तेव्हा जे सांगितले ते आजही लागू पडते : माणसे वाईट निघाली म्हणून अंकुश टाकून देऊ नका. वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येते. मेहतांनाही एका जागेने पाडता आले होते. प्रशासकाला पाडता येत नाही.

मग बागेच्या नावाचे काय करायचे? नावे बदलण्याच्या सध्याच्या हौशीत भर घालण्याचा माझा विचार नाही. उलट ही दोन्ही नावे नेमक्या जागी आहेत असे मला वाटते. पाणी, कर आणि मत या तीन गोष्टींनी मुंबईची महापालिका घडली, आणि दोघेही त्या तिन्हींसाठी झगडले. त्यांची नावे पाण्याच्या टाकीवर असावीत यात औचित्य आहे. फक्त नावाखाली चार ओळी हव्यात. मलबार हिलवर : या शहराच्या कारभारावर निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, असे १८७१मध्ये यांनी भर सभेत, सभेच्या मनाविरुद्ध सांगितले, या जमिनीखाली त्याच शहराचे पाणी आहे. माझगावला : काका जोसेफ बॅप्टिस्टा, याच टेकडीजवळच्या माथारपाखाडीत जन्मले, होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगारांचे पुढारी, १९२५–२६मध्ये महापालिकेचे अध्यक्ष, त्या वेळी त्यांच्या बहुतेक कामगारांना महापालिकेसाठी मत नव्हते.

अशी पाटी लावण्याचा ठराव करायचा तर तो महापालिकेच्या सभागृहातच मांडावा लागेल. मार्च २०२२नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ ते सभागृह भरलेच नव्हते.